सतरा नंबरचा बिल्ला

३ जुलै, सोमवार

टकळी आली. भाऊजींनी तिला दारात आणून सोडलं, चहा उभ्यानंच घेतला आणि बंदराची गाडी गाठायला निघाले. बोटीच्या इंजिनखात्यात आयुष्य गेलं की माणसाला खुर्चीवर टेकवत नसावं. जाताना म्हणाले, "तीन महिने सांभाळा. सप्टेंबर संपता संपता बोट लागेल, तेव्हा येतो. पोरगी रमली असली तर इथेच राहू दे. नाही रमली तर नेतो नव्या घरी." नवं घर म्हणजे एप्रिलात केलेलं दुसरं लग्न. तो शब्द काढायला त्यांची जीभ रेटेना, म्हणून मीच मान हलवली.

टकळी हे नाव ताईनं ठेवलेलं. अकरा वर्षांची पोर, दारापासून स्वयंपाकघरापर्यंत येईतो तिनं नऊ प्रश्न विचारले. मावशी, हा पंखा असा का करकरतो? मावशी, तुझ्याकडे कुणीच येत नाही का? आई म्हणायची, तू लहानपणी भांडताना चावायचीस, खरं का? दोन वर्षांपूर्वी गेलेली माझी बहीण माझ्याच स्वयंपाकघरात बसून माझी टिंगल करतेय असं वाटलं. हसता हसता माझा चहा सांडला.

माझी आई गेल्यापासून नऊ वर्षं या घरात फक्त माझ्या चपलांचा आवाज होता. मला ही पोर हवी आहे. स्वतःच्या वहीत लिहायला लाज कसली? मला ती कायमची हवी आहे. भाऊजी येतील तेव्हा त्यांच्याशी पाच मिनिटं फाडफाड इंग्रजीत बोलली, तर ते तिला कशाला नेतील? तेवढं मला नक्की जमेल. बावीस वर्षं दुसरं काय केलं मी!

७ जुलै, शुक्रवार

टकळीला माझ्याच वर्गात घेतलं. पाचवी ब. बेचाळीस मुलं आणि त्रेचाळीस प्रकारचं इंग्रजी. मी घसा कोरडा करून सांगते, एकटा मुलगा, एकटी मुलगी, एकटा कुत्रा काम करत असला की क्रियापदाला शेपूट लावायचं. गो नाही, गोज. ईट नाही, ईट्स. वर्गात सगळी डोलतात. मधल्या सुट्टीत पुन्हा शी गो, ही ईट सुरू.

मुख्याध्यापकांनी बोलावून सांगितलं, "सप्टेंबरात तपासणी आहे, बाई. मागच्या वेळी शेरा काय होता, आठवतं ना? पाचवी ब म्हणजे बाजार. यंदा बाजार नको."

कपाटाच्या खणात एक पितळी बिल्ला सापडला. शाळेत पूर्वी डगले टांगायच्या खुंट्या होत्या, त्यांतला. सतरा आकडा कोरलेला, कडा गुळगुळीत झालेल्या. त्यावरून मला एक युक्ती सुचली आहे. रविवारी नियम नीट लिहून काढते.

१० जुलै, सोमवार

नियम असे. वर्गात आणि मैदानात इंग्रजीच बोलायचं. पहिली चूक करणाऱ्याला बिल्ला. त्यानं दुसऱ्याची चूक पकडली की बिल्ला वर धरायचा, मी मान डोलावली की तो दुसऱ्याकडे. शेवटच्या घंटेला ज्याच्याकडे असेल त्यानं फळ्याशी उभं राहून बरोबर वाक्य दहा वेळा म्हणायचं. वर्गानं मोजायचं. अडखळलं की पुन्हा एकपासून.

पहिल्याच तासात बिल्ला चौदा जणांकडे फिरला. पोरं एकमेकांवर टपून बसली होती. मधल्या सुट्टीत तर अशी शांतता, की मुख्याध्यापक व्हरांड्यात येऊन बघून गेले. ज्याला त्याला ऐकायचं होतं, बोलायचं कुणालाच नव्हतं. आजवर छडीनं जमलं नाही ते एका बिल्ल्यानं केलं. मी स्वतःवर खूश आहे.

घरी येताना टकळी बडबडत होती, "मावशी, तो पहिल्या बाकावरचा आहे ना, तो लोकांच्या पाठीमागे जाऊन उभाच राहतो गं, कुणी चुकेल म्हणून. माझ्याशी बोलायला आला तर मी जीभच बाहेर काढली. ती तर चूक नाही ना?" मी म्हटलं, जिभेला व्याकरण नसतं. दोघी वाटभर हसलो.

१४ जुलै, शुक्रवार

बिल्ला सलग तीन दिवस शेवटच्या बाकावरच्या शिंप्याच्या मुलीकडे. ती बोलताना अडते. पोरांना हे बरोबर कळलं आहे. शेवटची पाच मिनिटं उरली की तिच्याभोवती घिरट्या घालतात आणि काहीतरी विचारतात. उत्तर द्यावंच लागतं, न बोलणं हीसुद्धा चूक असा नियम मी दुसऱ्याच दिवशी जोडला. नाहीतर सगळेच मूग गिळून बसले असते.

आज तिचं वाक्य होतं, शी ड्रिंक्स मिल्क. ड्र वर अडली की अडलीच. सहापर्यंत गेली, पुन्हा एक. चारपर्यंत गेली, पुन्हा एक. वर्ग हसतो तेव्हा मी टेबलावर पट्टी आपटते. हसू देत नाही मी कुणाला. चाळीस मिनिटं लागली आणि चाळीस मिनिटं मी थांबले, एकदाही आवाज चढवला नाही. इतका धीर दुसऱ्या कुठल्या शिक्षकाला आहे, ते मला दाखवा.

१९ जुलै, बुधवार

संध्याकाळी शिंपी घरी आला. गळ्यात माप घ्यायची फीत तशीच. माझं राखाडी जाकीट त्याच्याकडे शिवायला आहे, मला वाटलं तेच आणलं. आत यायला तयार नाही, उंबऱ्याशीच उभा.

"रागावू नका बाई. पोरगी सकाळी काही खात नाही आता. पोट दुखतं म्हणते. तिचं बोलणं लहानपणापासून अडतं. गाणं म्हणताना नाही अडत, बोलतानाच अडतं. तेवढं तिला वर उभं करू नका. लिहायला सांगा, शंभर वेळा लिहील, दोनशे वेळा लिहील."

मी शांतपणे सांगितलं, "लिहून जीभ सुटत नाही. आणि एकीला सूट दिली तर उद्या बेचाळीस जणांच्या जिभा अडतील."

"तुमचं बरोबरच असेल," तो म्हणाला आणि फितीचं टोक बोटाला गुंडाळत राहिला. मग जिना उतरला. आता जाकिटाची एक बाही आखूड केली नाही म्हणजे मिळवली.

टकळी स्वयंपाकघराच्या दारातून ऐकत होती. नंतर माझ्याजवळ येऊन बसली. "मावशी, बिल्ला शेवटच्या घंटेला कुणाकडे असतो तेवढंच बघायचं ना? आधी कुणाकडे होता ते नाही?"

"नाही."

"आणि पकडणाऱ्यानं काही बोलायला लागतं?"

"बिल्ला वर धरला की पुरे."

पोर अभ्यासू आहे. नियम मुळापासून समजून घेते. ताईची ती सवय नव्हती, ही माझ्याकडून आली असणार.

२४ जुलै, सोमवार

आज मला वर्गात मान खाली घालायची वेळ आली. शेवटची पाच मिनिटं. बिल्ला शिंप्याच्या मुलीकडे. आणि आमची टकळी उठून, सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणते, "शी गो टू मार्केट." सकाळी हेच वाक्य तिनं फळ्यावर स्वतःच्या हातानं बरोबर लिहिलं होतं!

शिंप्याच्या मुलीच्या तर ते ध्यानातही आलं नाही, बिल्ला मुठीत घट्ट धरून बसली. टकळी पुन्हा म्हणाली, "शी गो टू मार्केट." पुन्हा तिसऱ्यांदा. एकच चूक तीनदा, तीही तिच्याकडे बघून, जणू तिला खिजवायला. शेवटी त्या मुलीनं बिल्ला वर केला.

टकळीनं फळ्याशी जाऊन दहा वेळा म्हणून टाकलं. वीस सेकंदही लागले नाहीत. तिला त्याचं काही नव्हतंच. माझी मात्र लाज गेली.

४ ऑगस्ट, शुक्रवार

मी चुकांची वही ठेवते. कोण, कधी, कोणतं वाक्य. आज मागची दोन पानं चाळली. टकळीच्या नावावर अकरा नोंदी. दहा शाळेच्या दिवसांत अकरा! सगळ्या शेवटच्या तासाच्या, घंटेच्या आधी दोन, तीन, पाच मिनिटं. सगळी वाक्यं अशी, जी तिनं सकाळी बरोबर म्हटलेली आहेत. दिवसभर हुशार आणि साडेचारला ढ. याला अज्ञान म्हणत नाहीत, माज म्हणतात. मावशी काय करणार, असं तिला वाटत असेल. वर्गातली बाकीचीही तेच म्हणत असतील की बाईंची भाची आहे, हिला कसली शिक्षा!

शिंप्याच्या मुलीकडे या दोन आठवड्यांत एकदाही बिल्ला राहिला नाही. बघा, कडकपणानं फरक पडतो. तिच्या बापाला हे दाखवायला हवं.

टकळीला विचारलं. म्हटलं, तू मुद्दाम करतेस का? ती चमच्यानं ताटात रेघा ओढत राहिली. मग म्हणाली, "मावशी, मला ते दहा वेळा म्हणायला काहीच वाटत नाही."

बरं. मग काहीतरी वाटेल असं शोधायला हवं.

७ ऑगस्ट, सोमवार

नवा नियम. शेवटी ज्याच्याकडे बिल्ला राहील त्यानं तो घरी न्यायचा, आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या तासापर्यंत घरीही फक्त इंग्रजी. दुसऱ्या भाषेत विचारलं तर घरच्यांनी उत्तर द्यायचं नाही. पालकांना चिठ्ठी दिली.

आज बिल्ला टकळीकडेच. घरी येताना तिनं सुरुवात केली, "मावशी, तुला माहितेय का आज," मी बोट ओठावर ठेवलं. तिनं थोडा विचार केला. "टुडे," म्हणाली. पुढचे शब्द मिळेनात. कोपऱ्यावरच्या दिव्यापर्यंत आलो तेव्हा म्हणाली, "टुडे इज मंडे."

बरोबर होतं. मी शाबासकी दिली.

१६ ऑगस्ट, बुधवार

आठ दिवसांत सात दिवस बिल्ला आमच्याच घरी. पोरगी हट्टी तर आहेच. पण मीही तिच्या आईची बहीण आहे.

आज संध्याकाळी मी तिचे केस विंचरत होते. ती एकदम म्हणाली, "आई ना, केस विंचरताना," आणि स्वतःच थांबली. मी कंगवा धरून वाट बघत होते. खरं सांगायचं तर मलाही ऐकायचं होतं. ताई केस विंचरताना काय करायची? पण नियम मोडला की मोडला. मी म्हटलं, "इन इंग्लिश, प्लीज."

 ती एकेक वाक्य जुळवून म्हणाली, "माय मदर सिंग्ज. माय मदर कोम्ज माय हेअर. माय मदर इज ऑन द बेड."

भूतकाळ अजून शिकवलेला नाही. तो दुसऱ्या सत्रात येतो. शिकवलं त्यातून तिनं अगदी बिनचूक वाक्यं केली, प्रत्येक क्रियापदाला शेपूट लावलं. मी वहीत तीन बरोबरच्या खुणा केल्या. नंतर भांडी घासताना मला रडू आलं, का ते कळलं नाही.

२९ ऑगस्ट, मंगळवार

सकाळी टकळीच्या उशीवर पिवळा डाग. कान फुटला होता. डॉक्टर माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मीच टोचलं. "चार दिवस तरी दुखत असणार. पोर एवढी रडली नाही?"

मी तिला बाहेर येऊन विचारलं, अगं सांगायचं नाहीस? ती जमिनीकडे बघत म्हणाली, "आय डू नॉट नो द वर्ड."

कान हा शब्द आम्ही शरीराच्या धड्यात घेतलेला आहे. नोज, आईज, इअर्स. दुखणं मात्र नव्हतं घेतलं, हे खरं. संध्याकाळी तिला औषध घालून मांडीवर घेतलं. तिच्या खिशातला बिल्ला माझ्या गुडघ्याला टोचत होता. एकदा वाटलं, काढून फेकून द्यावा खिडकीतून. मग वाटलं, आता तपासणीला जेमतेम दोन आठवडे उरलेत आणि भाऊजी यायला महिना. आता सोडलं तर केलेलं सगळं पाण्यात.

घर फार शांत झालं आहे. पंख्याची करकर पुन्हा ऐकू येते.

११ सप्टेंबर, सोमवार

तपासणी झाली. राखाडी जाकीट घातलं होतं. शिंप्यानं बाह्या अगदी मापात शिवल्यात, उगाच संशय घेतला.

तपासनीस दारातच थबकले. बेचाळीस मुलं आणि टाचणी पडली तर ऐकू येईल. त्यांनी नेमकं टकळीला उठवलं. "व्हॉट डज युअर फादर डू?"

"माय फादर वर्क्स ऑन अ शिप, सर."

अ सकट! आर्टिकल सकट! मला उड्या माराव्याशा वाटल्या. मग त्यांनी सगळ्या वर्गाला विचारलं, शाळा आवडते का? सगळ्यांनी आधी एकमेकांकडे बघितलं, मग ज्याच्याकडे बिल्ला होता त्याच्याकडे, मग एका आवाजात येस सर. शेरा लिहिला, "पाचवी ब: शिस्त आणि शांतता अनुकरणीय." मुख्याध्यापक म्हणाले की इतर वर्गांनाही असे बिल्ले करून घेऊ.

साडेचारला टकळीनं पुन्हा घाण केलीच. सकाळी तपासनीसांपुढे सांगितलेलं तेच वाक्य. माय फादर वर्क. मी डोळे मिटून घेतले.

१ ऑक्टोबर, रविवार

सगळं लिहिते. 

भाऊजी दहाला आले. जिन्यातूनच हाक, "टकळे!" पूर्वी ही पोर अशा वेळी पायऱ्या चुकवत धावायची, ताईच सांगायची. आज उठली, फ्रॉक सारखा केला आणि दारात उभी राहून म्हणाली, "गुड मॉर्निंग, फादर."

ते आधी खूप हसले. "अरे वा, मडमच झाली आमची!" रंगीत पेन्सिलींचा डबा दिला. "थँक यू, फादर." जेवलीस का गं, विचारलं. "येस, फादर. आय ईट राइस." मावशी लाड करते का? "माय आन्ट इज काइंड." एकेक वाक्य कोरून काढल्यासारखं. मी खुर्चीच्या पाठीला धरून मनात मोजत होते. सात वाक्यं, आठ, नऊ. एकही चूक नाही.

भाऊजींचं हसू हळूहळू उतरत गेलं. "अगं, माझ्याशी नीट बोल की. मी आहे ना, बाबा."

तिनं माझ्याकडे बघितलं. मी डोळ्यांनीच खुणावलं, चालू ठेव. तिचा हात खिशात गेला. भाऊजींनी तो हात बघितला. "खिशात काय आहे?"

तिनं बिल्ला काढून टेबलावर ठेवला. काल शनिवारचा, तिच्याकडेच राहिलेला. मी सगळं समजावून सांगितलं, नियम, चुकांची वही, तपासनीसांचा शेरा. वही उघडून दाखवली. सांगता सांगता मला वाटत होतं, आता म्हणतील, शाबास. भाऊजी खाली बसले. माझ्या घरात पहिल्यांदाच खुर्चीवर बसले.

"ही झोपेतसुद्धा बडबडायची हो," ते म्हणाले.  मग खिशातून एक कागद काढला. "शाळेचा अर्ज आहे. पालक म्हणून तुमचं नाव घातलंय. सही करून आणला होता. बायकोला दिवस गेलेत, म्हटलं पोर इथेच सुखी असेल." कागद त्यांनी फाडला नाही. घडी घातली आणि परत खिशात ठेवला. "पेटी भर, टकळे."

"अहो भाऊजी, दोन वर्षं द्या मला. कुठल्याही साहेबाशी बोलेल ही."

"साहेबाशी बोलेल. माझ्याशी?"

मी तिच्यापुढे गुडघ्यांवर बसले. माझं वय काय, मी करतेय काय, कसलंही भान नव्हतं. "टकळे, तुला राहायचंय ना इथे? सांग बाबांना. आपल्या भाषेत सांग. आज सगळं माफ."

तिनं तोंड उघडलं. ओठ हलले, काहीतरी येत होतं, मला दिसत होतं. मग मिटले. मग म्हणाली, "मे आय पॅक माय बॉक्स?"

वाक्यात एकही चूक नव्हती.

पेटी भरताना तिनं वहीचं पान फाडून, माझ्याकडे पाठ करून काहीतरी लिहिलं. मी बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. खिडकीतून पाहिलं तर ती दोघं हमरस्त्यानं न जाता शिंप्याच्या गल्लीत वळली. भाऊजींच्या कोटाचं बटण लोंबत होतं खरं.

२ ऑक्टोबर, सोमवार

गांधी जयंतीच्या कार्यक्रमाला शाळेत गेले नाही, रजा टाकली. बावीस वर्षांत तिसरी.

चिठ्ठी शोधतेय. उशीखाली नाही, साखरेच्या डब्यात नाही, या वहीच्या पानांतही नाही. पलंग भिंतीपासून ओढून बघितला. चिठ्ठी नाही. पण एक गोष्ट ध्यानात आली. टेबलावरचा बिल्ला नाहीसा झाला आहे. भाऊजींनी त्याला हात लावला नव्हता. म्हणजे तिनं नेला.

माझी आठवण म्हणून नेला! दुसरं कशाला नेईल? पोरीला बोलता आलं नाही, मला काही देता आलं नाही, मग माझी एक वस्तू तरी जवळ ठेवावी असं वाटलं असेल. मी पलंगावर बसून पोटभर रडले. बरं वाटलं. ती मोठी होईल, तिला एखाद्या खणात तो सापडेल, सतरा नंबरचा, आणि म्हणेल, माझी एक मावशी होती.

उद्या शाळेत जाईन. बिल्ला पुन्हा सुरू करणार नाही. आता नको वाटतं ते.

३ ऑक्टोबर, मंगळवार

वर्गात सांगितलं, बिल्ला हरवला. चाळीस मुलांनी एकदम श्वास सोडला. शिंप्याच्या मुलीला मात्र काहीच नवल वाटलं नाही. खाली मान घालून हसत होती.

तिची वही तपासायला घेतली तेव्हा आतून घडी केलेला कागद पडला. टकळीचं अक्षर. सव्वा पान. माझ्याशी ती दोन महिन्यांत इतकं बोलली नव्हती. इथे उतरवून ठेवते, म्हणजे पुन्हा मला कसला भ्रम व्हायला नको.

"बिल्ला मी घेऊन चालले. बोटीवरून समुद्रात टाकायला सांगणारे बाबांना. आता शेवटच्या तासाला तुझं पोट दुखायचं नाही. मी रोज मुद्दाम चुकायचे ते तुला कळत होतं ना? पहिल्या दिवशी तू बिल्ला वरच करेनास, मला तीनदा चुकायला लागलं, वेडी कुठली! तू सुट्टीत मला ते गाणं म्हणून दाखवलंस तेव्हा एकदापण अडली नव्हतीस. मावशीला सांगू नकोस. मावशी वाईट नाहीये, पण तिच्याशी बोलायची भीती वाटते. मला इथलं दुसरं कुणी आठवणार नाही, तूच आठवशील."

वाचताना हातात लाल पेन होतं. शेवटी बघते तर सवयीनं दोन ठिकाणी खुणा झाल्या होत्या.

एक पोर रोज दुसरीसाठी फळ्याशी उभी राहिली, घरी मुकी झाली, कान फुटेस्तोवर दुखणं सोसलं. आणि मी त्या अकरा नोंदी तारीखवार लिहून ठेवल्या. मला हे सगळं कळतं. मी काही मूर्ख नाही. पण जे बोलणं माझ्या घरात व्हायचं ते या शिंप्याच्या मुलीच्या वाट्याला गेलं. आठवणसुद्धा हिच्याच वाट्याला. हिनं कधी तोंड उघडून एक शब्द मला सांगितला असता तर? रोज गप्प बसून माझी पोर वापरली हिनं.

घडी घालून कागद तिच्या वहीत परत ठेवला नाही. माझ्याकडे आहे.

५ ऑक्टोबर, गुरुवार

नाक्यावरच्या किल्लीवाल्याकडून नवा बिल्ला आला. जुन्यापेक्षा जाड आहे. कोणता आकडा घालू, विचारत होता. म्हटलं, आकडा नको.

वर्गात तो वर धरून दाखवला. शिंप्याच्या मुलीनं दाराकडे बघितलं. पहिली चूक अजून कुणी केली नव्हती, तरी मी स्वतः शेवटच्या बाकापर्यंत चालत गेले आणि तिच्या हातात ठेवला. दिवसभर कुणी चुकलं नाही. आता सगळ्यांना गप्प राहता येतं. न बोलणं ही चूक आहे हा नियम मीही आज कुणाला लावला नाही.

शेवटची घंटा झाली. वाक्य मीच निवडून दिलं, अगदी सोपं, पहिल्या धड्यातलं. शी इज माय फ्रेंड. दोनपर्यंत गेली की फ्र वर अडायची. मग पुन्हा एकपासून. वर्ग मोजत होता, नंतर वर्गाचाही आवाज बसला, मग मी एकटीच मोजत राहिले. शिपायानं दारात येऊन दोनदा किल्ल्या वाजवल्या. मी म्हटलं, होऊ दे तिचं सावकाश. मला घरी जायची काही घाई नव्हती.